खांबावरचा स्टिकर, पाकिटातलं झीन

न्यूयॉर्क, बर्लिन, मेलबर्न, टोकियो. यातल्या कुठल्याही शहराच्या जुन्या भागात सिग्नलचा खांब जरा थांबून बघितला, तर हात पोचेल तितक्या उंचीपर्यंत स्टिकरांचे थरावर थर दिसतात. बँडची नावं, दात विचकणारं एखादं कार्टून, मार्करने लिहिलेलं टोपणनाव, फुटबॉल क्लबाचं चिन्ह, एखादी राजकीय घोषणा. बहुतेकांना हा कचरा वाटतो. त्यांचं अगदीच चुकतं असंही नाही, कारण त्यातले बरेच स्टिकर जाहिरातीचे असतात. पण जे उरतात त्यांच्यामागे हाताने चित्रं काढणारी, ती छापणारी आणि एकमेकांना पोस्टाने पाठवणारी माणसं आहेत. स्टिकरकला म्हणतात ती हीच. ती समजून घ्यायची तर खांब बघून भागत नाही, पाकीटही उघडावं लागतं. रस्त्यावर दिसतो तो या कलेचा निम्माच भाग. उरलेला निम्मा टपालात आणि झीनमध्ये असतो, म्हणजे घरी छापून स्टेपलरने शिवलेल्या छोट्या अंकांमध्ये.

आधी ग्राफिटीपेक्षा ही कला वेगळी कशी ते बघू. स्प्रेने भिंत रंगवायची म्हणजे जागेवर उभं राहून काम करावं लागतं. वेळ जातो, वास सुटतो, डब्यातल्या गोळीचा खडखडाट होतो आणि पकडलं जायची भीती डोक्यावर असते. स्टिकरचं सगळं काम घरी होतं. चित्र काढायला तीन रात्री लागोत की तीन आठवडे, रस्त्यावरचा वेळ दोन-चार सेकंदांचाच. खिशातून काढायचा, मागचा कागद सोलायचा आणि तळहाताने थापटायचा. म्हणून या मंडळींच्या बोलीत स्टिकरला ‘स्लॅप’ म्हणतात. यातून एक गोष्ट घडते जी भिंतीच्या बाबतीत शक्यच नाही: चित्र काढणारा आणि लावणारा ही दोन वेगळी माणसं असू शकतात. दोन वेगळ्या खंडांतलीही.

आधी डिंक, मग एव्हरी

चिकटवून निरोप पोचवायची युक्ती स्टिकरच्या आजच्या रूपापेक्षा बरीच जुनी आहे. जर्मनीत १८८० च्या आसपासपासून ज्यूद्वेष पसरवणाऱ्या चिठ्ठ्या छापल्या जात होत्या. मागे डिंक असलेल्या या चिठ्ठ्या ओल्या करून चिकटवत. त्यांना उत्तर म्हणून ज्यू संघटनांनीही स्वतःच्या चिठ्ठ्या काढल्या. बर्लिनच्या जर्मन ऐतिहासिक संग्रहालयाने २०१६ मध्ये याच विषयावर मोठं प्रदर्शन भरवलं होतं. अमेरिकेत १९१० च्या दशकात ‘इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड’ या कामगार संघटनेने असल्याच चिठ्ठ्या कारखान्यांत, रेल्वेच्या डब्यांवर, शेतमजुरांच्या राहुट्यांवर लावल्या. त्यांना ते ‘मुके प्रचारक’ म्हणत. राल्फ चॅप्लिन या कामगार-चित्रकाराने काढलेली काळी मांजर त्यांतल्या अनेकांवर असायची. सभेला बंदी घालता येते, भाषण करणाऱ्याला उचलता येतं. रात्री यंत्रावर चिकटलेली चिठ्ठी कोणाची हे मात्र कुणाला सांगता येत नाही.

आज आपण ज्याला स्टिकर म्हणतो, म्हणजे मागचा कागद सोलायचा आणि ओलं न करता चिकटवायचा, त्याचं श्रेय आर. स्टॅन्टन एव्हरी या माणसाकडे जातं. त्याने १९३५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये असे लेबल बनवायला सुरुवात केली. भांडवल होतं वाग्दत्त वधूकडून घेतलेले १०० डॉलर. यंत्रही घरीच जुळवलेलं, धुलाई यंत्राची मोटर आणि शिलाई मशीनचे भाग वापरून. हेतू साधा होता, दुकानातल्या वस्तूंवर किमतीचे लेबल लावणं. रस्त्यावरच्या कलेचं या माणसाशी काही देणंघेणं नव्हतं, पण त्याच्या यंत्राशिवाय ती उभी राहिली नसती.

प्रॉव्हिडन्समधला पैलवान

स्टिकर हीच एक कला होऊ शकते हे जगाच्या लक्षात आणून दिलं १९८९ मधल्या एका स्टिकरने. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहरात शेपर्ड फेअरी नावाचा मुलगा कलाशाळेत शिकत होता. स्केटबोर्डच्या दुकानात कामही करत होता. एका मित्राला स्टेन्सिल कसा कापायचा ते दाखवताना त्याने वर्तमानपत्रातली कुस्तीची जाहिरात समोर ओढली. तीत आंद्रे द जायंट या महाकाय फ्रेंच पैलवानाचा फोटो होता. तो चेहरा, बाजूला उंची ७ फूट ४ इंच, वजन ५२० पौंड, आणि ‘आंद्रेची एक टोळी आहे’ अशा अर्थाची एक ओळ. झालं, स्टिकर तयार.

गंमत म्हणून निघालेला तो स्टिकर प्रॉव्हिडन्सभर लागला, तेव्हा लोक एकमेकांना विचारू लागले: हे काय आहे? कुठला पंथ? कुठला बँड? कसली जाहिरात? फेअरीला त्या प्रश्नांतच खरी वस्तू सापडली. १९९० मध्ये त्याने एक छोटा जाहीरनामा लिहिला. त्याचा आशय असा, की या स्टिकरला स्वतःचा काही अर्थ नाही. तो लोकांना थांबवतो, आजूबाजूला बघायला लावतो, अर्थ शोधायला लावतो आणि तेवढंच त्याचं काम. त्याच वर्षी शहरात महापौरपदाची निवडणूक होती. बडी सियान्ची या उमेदवाराचा प्रचंड मोठा फलक उभा होता. फेअरीने त्याच्या चेहऱ्यावर आंद्रेचा चेहरा चढवला.

मग स्टिकर शहराबाहेर निघाला. झेरॉक्सवर काढलेल्या, घरी स्क्रीन प्रिंट केलेल्या हजारो प्रती स्केटबोर्डवाल्यांच्या आणि पंक संगीतवाल्यांच्या हातांतून, पाकिटांतून गावोगाव गेल्या. फेअरी कधी न गेलेल्या शहरांत त्याचा पैलवान पोचला. पुढे कुस्तीच्या कंपनीने नावावरून कायद्याचा बडगा दाखवला, तेव्हा त्याने नाव काढलं, चेहरा आणखी सोपा केला आणि खाली एकच शब्द ठेवला: ओबे, म्हणजे ‘आज्ञा पाळ’. २००८ मध्ये बराक ओबामांचं लाल-निळं ‘होप’ पोस्टर त्यानेच केलं. २००९ च्या जानेवारीत ते वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या संग्रहात आलं आणि फेब्रुवारीत बोस्टनच्या पोलिसांनी जुन्या ग्राफिटीच्या प्रकरणांत त्याला अटक केली. तीही त्याच्याच प्रदर्शनाच्या उद्घाटनाला तो निघालेला असताना. या कलेचं सरकारशी आणि समाजाशी नातं काय, याचं यापेक्षा नेमकं उदाहरण मला माहीत नाही.

फेअरी आज मोठा ब्रँड आहे. मला त्याच्या यशापेक्षा ती पहिली चार-पाच वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. पैसे न देता, परवानगी न मागता, अनोळखी लोकांच्या मदतीने एक चित्र देशभर फिरवता येतं हे तेव्हा सिद्ध झालं.

फुकटचा कागद

स्टिकर छापायला पैसे लागतात आणि सतरा वर्षांच्या मुलाकडे ते नसतात. अमेरिकेत यावर एक उपाय निघाला. तिथल्या टपाल खात्याचं ‘लेबल २२८’ नावाचं पत्त्याचं लेबल टपाल कचेरीत मोफत ठेवलेलं असतं. आकार साधारण साडेपाच इंच बाय सव्वाचार इंच, वर टपाल खात्याची निळी-लाल पट्टी, खाली पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता लिहायला भरपूर पांढरी जागा, मागे उत्तम चिकट थर. ग्राफिटीवाल्या पोरांना यापेक्षा काय हवं? गठ्ठे घरी न्यायचे आणि मार्करने एकेकावर आपलं नाव काढायचं. हे लेबल फक्त टपालासाठी आहे, दुसऱ्या कामाला वापरणं बेकायदा आहे, हे खातं सांगत असतंच. ‘हॅलो, माझं नाव…’ असं छापलेलं, संमेलनात छातीवर लावायचं लाल लेबलही असंच कामाला आलं. नाव लिहायला रिकामी जागा मुळातच सोडलेली होती!

या लेबलांवरची बरीच चित्रं एका रात्रीत, एका दमात काढलेली असतात. प्रत्येक वेगळं. मार्था कूपर ही न्यूयॉर्कची छायाचित्रकार १९७० च्या दशकापासून तिथल्या ग्राफिटीचे फोटो काढते. तिने या टपाली लेबलांवर आणि ‘हॅलो’ लेबलांवर दोन छोटी पुस्तकं केली, पहिलं २००८ मध्ये आणि दुसरं २०१० मध्ये. पानं उलटताना आपल्याला कळतं की साधी स्टेशनरी किती हातांखालून गेली आहे.

यानंतर आला ‘एगशेल’, म्हणजे अंड्याच्या कवचासारखा स्टिकर. हा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे, फक्त वेगळ्या कामातून. इलेक्ट्रॉनिक वस्तूच्या स्क्रूवर ‘फाटल्यास वॉरंटी रद्द’ असं सील असतं. ते नखाने काढायला गेलं की अख्खं कधीच निघत नाही, बारीक कपच्या सुटतात. वस्तू कोणी उघडली हे कळावं म्हणूनच ते तसं बनवतात. स्टिकरवाल्यांनी तेच ठिसूळ व्हिनाइल, म्हणजे पातळ प्लास्टिक, उचललं. साधा कागदी स्टिकर कोपरा धरून ओढला की निघून येतो. एगशेल काढायला महापालिकेच्या कामगाराला धातूची पातळ पत्री घेऊन अर्धा तास खरवडत बसावं लागतं. इथे मला थोडं खटकतं. कलाकाराची जिद्द समजते, पण तो अर्धा तास ज्याचा जातो तो माणूस कमी पगारावर उन्हात काम करणारा असतो.

स्टिकर चिकटतो कसा, मरतो कसा

हा भाग थोडा शास्त्राचा आहे, पण त्याशिवाय ही कला समजत नाही. स्टिकरमागचा थर सुकून घट्ट होणारा डिंक नसतो. तो मधासारखा घट्ट द्रव असतो, फक्त मधापेक्षा कित्येक पटींनी संथ वाहणारा. दाब दिला की तो पृष्ठभागाच्या बारीक खाचाखोचांत शिरतो. म्हणूनच तळहाताने थापटून झाल्यावर अंगठ्याने किंवा जुन्या कार्डाच्या कडेने मधून बाहेर घासतात. हवेचा फुगा राहिला की तिथून पाणी शिरतं. चिकटवल्या क्षणी पकड अर्धवटच असते. पहिल्या एक-दोन दिवसांत थर हळूहळू आत उतरतो आणि मग पकड पूर्ण होते. नवीन स्टिकर लगेच निघतो आणि महिन्याभराचा निघत नाही, याचं कारण हे. थंडीत थर कडक होतो, नीट पसरत नाही. धूळ असेल तर तो खांबाला न चिकटता धुळीला चिकटतो. आणि उष्णतेने सैल पडतो, म्हणून घरात काढायचा असेल तर केस वाळवायचं यंत्र फिरवायचं.

मरण येतं उन्हाने. रंगीत छपाई निळा, गुलाबी, पिवळा आणि काळा या चार शाईंची असते. उन्हातल्या अतिनील किरणांपुढे पिवळा आणि गुलाबी आधी हार मानतात, निळा आणि काळा टिकून राहतात. म्हणून जुन्या खांबावरचे सगळे स्टिकर निळसर भुतांसारखे दिसतात. व्हिनाइल मऊ ठेवणारी द्रव्यं हळूहळू निघून जातात, मग ते आक्रसतं, कडा वळतात, तडे जातात. स्क्रीन प्रिंटचा जाड शाईचा थर घरच्या इंकजेटपेक्षा पुष्कळ जास्त तग धरतो. मुरलेला कलाकार हे आधीच हिशोबात घेतो. काळी जाड रेघ, कमी रंग, दुरून ओळखू येईल असा आकार. या कलेची एक ठराविक शैली दिसते ती बरीचशी यातून आली आहे.

पण कितीही काळजी घ्या, रस्त्यावरचा स्टिकर जातो. ऊन, पाऊस, पत्री, वर दुसरा स्टिकर. मग ही कला उरते कुठे?

पाकीट

उरते ती पाकिटात. स्टिकरवाले एकमेकांशी अदलाबदल करतात, त्याला सरळ ‘ट्रेड’ म्हणतात. एका सपाट पाकिटात वीस-पंचवीस स्टिकर भरायचे आणि ज्याचं काम आवडलं त्याला पाठवायचे. तोही तितकेच पाठवतो. मोजमाप काटेकोर नसतं, पण रीत पाळली जाते. कुणी हाताने काढलेले पाठवले आणि तुम्ही फक्त छापील पाठवले, तर पुढच्या वेळी पाकीट येत नाही. आलेल्यांचे दोन ढीग होतात. हाताने काढलेले, एकच प्रत असलेले वहीत जपून ठेवायचे. छापील असतात ते आपल्या शहरात लावायचे, फोटो काढायचा आणि पाठवणाऱ्याला दाखवायचा. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या माणसाने काढलेला कुत्रा जपानच्या ओसाकात पुलाखाली दिसतो तो असा. काढणारा तिथे कधीच गेलेला नसतो.

यात दोन प्रकार मला फार आवडतात. एक ‘कॉम्बो’: वेगवेगळ्या लोकांकडून आलेले स्टिकर एकाच जागी नीट जुळवून, शेजारी शेजारी लावायचे, म्हणजे एकमेकांना न भेटलेली दहा माणसं एका विजेच्या पेटीवर एकत्र येतात. दुसरा ‘कोलॅब’: रिकाम्या लेबलच्या अर्ध्या भागात आपलं चित्र काढायचं, उरलेला अर्धा कोरा ठेवून ते पाठवायचं. समोरचा आपलं पात्र त्यात घालतो, कधी तिसऱ्याकडे पाठवतो. एकच साडेपाच इंची कागद तीन देशांत फिरून येतो.

शिकागोच्या मॅथ्यू हॉफमनने २००२ मध्ये ‘तू सुंदर आहेस’ एवढंच वाक्य असलेले १०० चंदेरी स्टिकर छापले. आज त्यांची संख्या लाखोंमध्ये मोजतात. पसरायची पद्धत जुनीच. स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं रिकामं पाकीट त्याला पाठवायचं, त्यातून पाच स्टिकर फुकट परत येतात. एक आपल्यासाठी, चार वाटायला.

झीन

आता झीन. झीन म्हणजे एखाद्या माणसाने किंवा चार मित्रांनी स्वतः लिहून, मांडून, झेरॉक्स काढून, स्टेपल मारून काढलेला छोटा अंक. नोंदणी नाही, जाहिराती नाहीत, नफा नाही, पुढचा अंक कधी येईल याची खात्री नाही. विज्ञानकथांच्या अमेरिकन वाचकांपासून हे सुरू झालं. ‘द कॉमेट’ हा १९३० मध्ये शिकागोतून निघालेला अंक साधारणपणे पहिला मानतात. १९५९ मध्ये झेरॉक्स कंपनीचं ९१४ हे यंत्र आलं आणि साध्या कागदावर बटण दाबून प्रत काढणं शक्य झालं. हळूहळू अशी यंत्रं कचेऱ्यांत, ग्रंथालयांत, कोपऱ्यावरच्या दुकानांत आली. लंडनमध्ये १९७६ च्या उन्हाळ्यात मार्क पेरी नावाच्या तरुणाने पंक संगीतावरच्या आपल्या झीनच्या पहिल्या अंकाच्या ५० प्रती काढल्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मुलींनी स्वतःच्या बँडभोवती, स्वतःच्या अनुभवांवर झीन काढून वाटली.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. १९५५ ते १९७५ या काळात मुंबईत लघुअनियतकालिकांची चळवळ झाली. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांचं ‘शब्द’ सायक्लोस्टाइलवर निघायचं. अशोक शहाणे यांचं ‘असो’ १९६३ मधलं. प्रस्थापित मासिकं छापणार नाहीत ते स्वतः छापायचं, हाताने पोचवायचं, अंक बंद पडला तर दुसऱ्या नावाने काढायचा. ती चळवळ साहित्याची होती, रस्त्यावरच्या चित्रांची नव्हे, आणि तिचा अमेरिकन पंकांशी संबंध जोडायचं कारण नाही. पण स्टेन्सिलवर टाइप करून रोलर फिरवणाऱ्या त्या हातांना झीन म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं नसतं.

स्टिकर आणि झीन यांची गाठ पडण्याचं कारण व्यवहाराचं आहे. दोन्ही पोस्टाच्या एकाच पाकिटात मावतात, दोन्ही एकाच झेरॉक्सच्या दुकानात तयार होतात आणि दोन्हींना वाटणारा माणूस हाच वितरक. त्यात झीन एक काम करतं जे स्टिकरला जमत नाही. ते आठवण ठेवतं. कुणीतरी आपल्या शहरातल्या खांबांचे फोटो काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये मांडतं, खाली गल्लीचं नाव लिहितं, एखाद्या कलाकाराची पानभर मुलाखत घेतं, मधल्या पानात खरे चार स्टिकर सरकवून ठेवतं. सहा महिन्यांनी खांब धुतला जातो, अंक राहतो.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे ‘पील’. डेव्ह आणि हॉली कोम्ब्स या नवरा-बायकोने २००३ मध्ये इंडियानापोलिसहून हे छोटं मासिक सुरू केलं. विषय फक्त स्टिकर. वेगवेगळ्या शहरांतल्या लोकांचं काम, त्यांच्याशी गप्पा आणि अंकासोबत खरे स्टिकर. न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिस नाही, इंडियानापोलिस! गॅलऱ्यांच्या नकाशावर त्या शहराला फारसं कोणी विचारत नव्हतं, पण पाकिटाला सगळी गावं सारखीच. २००८ मध्ये त्यातून पुस्तकही झालं. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला कॅन्टन नावाचं लहान गाव आहे. तिथल्या सेंट लॉरेन्स विद्यापीठात कॅथरीन टेडफर्ड यांनी जगभरातल्या हजारो स्टिकरांचा डिजिटल संग्रह उभा केला. कुठून मिळाला, कधी मिळाला, काय म्हणतो, अशी प्रत्येकाची नोंद. आपण कचरा समजतो त्याची कुणीतरी इतक्या निगुतीने यादी करतं, याचं मला अप्रूप वाटतं.

कोणाचा खांब?

आता अवघड प्रश्न. हे सगळं बहुतेक ठिकाणी बेकायदा आहे. महाराष्ट्रात १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आहे. लोकांच्या नजरेस पडेल अशा जागी परवानगीशिवाय लिहिणं, रंगवणं, चिकटवणं हा गुन्हा आहे, त्याला दंडही आहे आणि कैदही. मुंबईच्या लोकलच्या डब्यात ‘बाबा बंगाली’च्या चिठ्ठ्या वाचत प्रवास केलेल्या कुणालाही या कायद्याची गरज पटेल.

कायद्यापलीकडचा प्रश्न स्टिकरच्या स्वभावातच आहे. नाव न देता, क्षणात, कुठेही निरोप लावता येतो, हे जसं कलाकाराच्या उपयोगाचं तसंच द्वेष पसरवणाऱ्याच्याही. बर्लिनमध्ये इर्मेला मेन्सा-श्राम नावाच्या बाई १९८६ पासून नाझी विचारांचे स्टिकर शोधून खरवडून काढतात. सुरुवात घराजवळच्या बसथांब्यावरच्या एका स्टिकरपासून झाली. पिशवीत पत्री, नेलपॉलिश काढायचं द्रव आणि कॅमेरा. काढलेले स्टिकर त्या फायलींत लावून ठेवतात, शाळांमध्ये दाखवतात. त्यांना धमक्या आल्या. एका भुयारी रस्त्यात चॅन्सेलर मर्केल यांच्याविरुद्ध लिहिलेली घोषणा त्यांनी गुलाबी रंगाने बदलून ‘द्वेष नको’ अशा अर्थाची केली, तेव्हा २०१६ मध्ये मालमत्तेचं नुकसान केल्याचा खटला त्यांच्यावरच चालला. माझ्या मते स्टिकर लावणाऱ्या प्रत्येकाने या बाईंबद्दल वाचलं पाहिजे. काढणंही त्याच संवादाचा भाग आहे आणि त्यालाही तेवढीच हिंमत लागते.

आपल्याकडे मुंबईत अक्वी थामी या कलाकाराने ‘इथे एका बाईचा छळ झाला’ अशा अर्थाची इंग्रजी पोस्टरं केली. जिथे छेडछाड झाली नेमकं तिथेच ती लावायची. कागद एवढासा, पण रोजच्या वाटेवरचा कोपरा त्याने वेगळा दिसायला लागतो. हिमांशु एस. आणि थामी यांचा ‘बॉम्बे अंडरग्राउंड’ हा गट झीन बनवतो, लोकांना बनवायला शिकवतो आणि बॉम्बे झीन फेस्टही त्यांचीच.

स्टिकरवाल्यांमध्ये अलिखित नियम आहेत, आणि ते बऱ्यापैकी पाळले जातात. दुसऱ्याच्या चांगल्या कामावर आपला लावायचा नाही. कोणाच्या घराच्या दारावर, छोट्या दुकानाच्या काचेवर लावायचा नाही. वाहतुकीच्या फलकाच्या पुढच्या बाजूला कधीच नाही. देऊळ, स्मारक, जुना दगड यांच्यापासून लांब. नवशिक्याला माझा सल्ला याहून कडक आहे: रस्ता सोडाच. आपली सायकल, लॅपटॉप, हेल्मेट, मित्राच्या कॅफेची भिंत, त्याला विचारून. या कलेतला अर्ध्याहून जास्त आनंद पाकिटात आहे आणि पाकिटाला कोणाच्या परवानगीची गरज नसते.

करून बघायचं तर

महाराष्ट्रात सामान मिळवणं सोपं आहे. रेडियमवाल्याच्या दुकानात व्हिनाइलचे तुकडे उरलेले असतात, तो ते स्वस्तात देतो आणि हवा तो आकार यंत्रावर कापूनही देतो. नाहीतर स्टेशनरीच्या दुकानातून ए-४ आकाराचा चिकट कागद आणायचा, एका पानावर आठ चित्रं मांडायची, झेरॉक्स काढायची, कात्रीने कापायची. घरात टिकतो, पावसात नाही.

झीनसाठी तर एकच ए-४ कागद पुरतो. कागद आडवा धरायचा, घड्या घालून आठ चौकटी पाडायच्या, वर चार आणि खाली चार. खालच्या ओळीत डावीकडून सहावं, सातवं, आठवं आणि पहिलं पान. वरच्या ओळीत पाचवं, चौथं, तिसरं, दुसरं, पण उलटं, म्हणजे डोकं खालच्या ओळीकडे. मग बरोबर मधल्या आडव्या घडीवर, फक्त मधल्या दोन चौकटींपुरता काप द्यायचा. कागद लांबीत दुमडायचा आणि दोन्ही टोकं आत ढकलायची. मधला काप उघडतो, चौकटी अधिक चिन्हासारख्या उभ्या राहतात आणि त्या एका बाजूला गुंडाळल्या की आठ पानांची वही तयार. स्टेपलसुद्धा लागत नाही. कागदाची मागची बाजू कोरी राहते, तिच्यावर पोस्टर छापता येतं, अंक उलगडला की दिसतं. जास्त पानं हवी असतील तर ए-४ कागद मधोमध दुमडून शिवायचे. एका कागदाची चार पानं होतात, म्हणून पानांची संख्या चारच्या पटीत ठेवावी लागते. साधा स्टेपलर घडीपर्यंत पोचत नाही. तो उघडून, खाली खोडरबर ठेवून पिन दाबायची आणि मागची टोकं चमच्याने वळवायची.

एक गोष्ट मात्र बहुतेक जण विसरतात, आणि संग्रहालयांतली मंडळी तिच्यासाठी हळहळतात. शेवटच्या पानावर गाव, महिना, वर्ष आणि किती प्रती काढल्या ते लिहायचं. नाव द्यायचं नसेल तर टोपणनाव चालेल. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजच्या ग्रंथालयात झीनचा मोठा संग्रह आहे. तिथे एखाद्या अंकाच्या दोन प्रती आल्या तर एक कपाटात कायमची जपून ठेवतात आणि दुसरी विद्यार्थ्यांना वाचायला घरी देतात. म्हणून कुठल्याही संग्रहाला अंक पाठवताना पाकिटात दोन प्रती टाकाव्यात.